प्रतिसाद: घर मिळतं, पण कुठे?
पुण्यातल्या झोपडपट्टीतले लोक पुनर्वसनात फुकट घर मिळूनही जागा सोडत नाहीत, असं म्हटलं जातं. पण घर कुठे मिळतं तेही बघा ना. दांडेकर पुलाजवळची बाई सदाशिव पेठेतली चार घरची धुणीभांडी पायी जाऊन उरकते. तिला लांब हडपसरला धाडलं तर बसच्या नादात पहिल्या घरी उशीर, आणि उशीर झाला की काम सुटतं. पोरांची शाळाही इकडेच.

जून २०२१मध्ये आंबिल ओढ्याकाठची घरं ऐन पावसाळ्यात पाडली, अख्खे संसार रस्त्यावर आले. २०१९चा ओढ्याचा पूर सगळ्यांना आठवतो, धोका खराच आहे. पण १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेल्यांना जागा तरी कुठली मिळाली? ओढ्याकाठी, नाहीतर पर्वती टेकडीच्या उतारावर. पुनर्वसन जवळपासच व्हायला हवं.