मदत हवी आहे: एका छत्रीवर दोन सॅटेलाइट, दुसरा लागतच नाही

कृष्णाकाठ:
नमस्कार. एकाच छत्रीवर दोन एलएनबी (सिग्नल पकडणारी डोकी) लावलेत. पहिला मस्त चालतो. दुसऱ्यावर स्ट्रेंथ ८५ दाखवतो आणि क्वालिटी शून्य. एलएनबी बदलून झाला, वायर बदलून झाली, स्विच पण नवा आणला. शनिवारी आईबाबा गावाहून येतायत, त्याआधी चालू व्हायला हवं. कुणी केलंय का हे? दुसरी छत्री लावा असं कृपया सांगू नका, घरमालक ऐकत नाही.

सोल्डरगन:
कुठले दोन सॅटेलाइट? गाव कुठलं? छत्री केवढी? बॉक्स कुठले? एवढं तरी लिहा हो.

पावशेर:
दुसरी छत्री लावून मोकळे व्हा. घरमालकाला एकदा चहाला बोलवा. आमच्या गच्चीवर पाच छत्र्या आहेत, टाकी धुवायला येणारा सोडला तर कुणाची तक्रार नाही.

कृष्णाकाठ:
पावशेर, वर लिहिलंय ते वाचा ना राव. सातारा. डीटूएच आणि दूरदर्शनची फ्री डिश. बॉक्स ज्याचे त्याचे. छत्री नेहमीची.

जुनाट_रेडिओ:
फ्री डिशचा सॅटेलाइट ९५ अंश पूर्व रेखांशावर आहे. छत्री तिकडे वळवा, आपोआप लागेल. मी स्वतः लावलेली आहे.

सोल्डरगन:
काका, तुम्ही लावली तेव्हा असेल. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस (फ्री डिशचं जुनं नाव) सुरू झालं ते ९५ वरच्या एनएसएस-६ वरून. पुढे ते ९३.५ वरच्या इन्सॅट-४बी वर गेलं, आता त्याच जागी जीसॅट-१५ आहे. डीटूएच ८८ वर, एसटी-२. म्हणजे दोघांत साडेपाच अंशांचं अंतर.
कृष्णाकाठ, "नेहमीची" म्हणजे किती सेंटिमीटर? आणि बॉक्स दोन आहेत तर मधे स्विच कशासाठी घातलाय?

जुनाट_रेडिओ:
दीड अंशाने काही फरक पडत नाही. ६० सेंमीच्या छत्रीला दोन्ही दिसतात.

सोल्डरगन:
थोडं थोडं दिसतात, बरोबर. म्हणूनच माणूस ९५ वर छत्री घट्ट करतो आणि क्वालिटी काठावर का, म्हणून वर्षभर कपाळाला हात लावून बसतो.

नेटकरी_नाना:
अजून छत्र्या लावतात लोक? वायफाय घ्या, सगळं मोबाइलवर दिसतं.

रानजाई:
नाना, माझ्या सासूबाईंना रिमोटचं एक बटण दाबून सह्याद्री लागलं पाहिजे. तुमचं अॅप त्यांना शिकवायला तुम्ही येणार का?

कृष्णाकाठ:
छत्री ६० सेंमी. स्विच अशासाठी की भिंतीला भोक एकच आहे. वरून एकच वायर येते, खाली स्प्लिटरने दोन्ही बॉक्सना दिलीय.

सोल्डरगन:
हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर! असं चालणार नाही. बॉक्स एलएनबीला वायरीतूनच व्होल्टेज पाठवतो, व्हर्टिकल म्हणजे उभ्या लहरींना १३, हॉरिझाँटल म्हणजे आडव्यांना १८, आणि वरच्या फ्रिक्वेन्सींच्या बँडसाठी २२ किलोहर्ट्झचा टोन. एकाच वायरीवर दोन बॉक्स दोन तऱ्हेचे हुकूम सोडणार, स्विचने ऐकायचं कुणाचं? शिवाय स्विच एका वेळी एकच एलएनबी जोडतो. दोन बॉक्स म्हणजे दोन एलएनबी, दोन स्वतंत्र वायरी. स्विच आणि स्प्लिटर दोन्ही काढून टाका. भोक नसेल तर सरकत्या खिडकीच्या फटीतून जाणारी चपटी वायर मिळते.

तबकडी_दादा:
वायरिंगचं सोल्डरगन म्हणतात ते बरोबर, पण क्वालिटी शून्य यायचं कारण मला वेगळं वाटतं. दुसरा एलएनबी कुठल्या बाजूला लावलाय? छत्रीच्या पाठीमागे, आकाशाकडे तोंड करून उभे राहा आणि सांगा. आणि मधे कुठला आहे?

कृष्णाकाठ:
मधे डीटूएच. फ्री डिशचा डावीकडे, कारण ९३.५ पूर्वेला म्हणजे डावीकडेच येतो. आडव्या पट्टीवर बसवलाय, व्हिडिओत दाखवतात तसाच.

तबकडी_दादा:
इथेच घोळ आहे. छत्री म्हणजे आरसा. सॅटेलाइट डावीकडे असेल तर त्याचा किरण आपटून उजवीकडे जातो. एलएनबी उजवीकडे घ्या.
दुसरं, ते व्हिडिओ युरोपातले असतात. तिथे दक्षिणेकडच्या सॅटेलाइटना आडवी पट्टी जवळपास चालून जाते. आपल्याकडे ही रांग आग्नेयेला तिरकी चढते. साताऱ्यातून ८८ चा सॅटेलाइट उत्तरेपासून मोजून साधारण १४१ अंश दिशेला आणि ६४ अंश उंच. ९३.५ आहे १३१ ला, उंची ६० च्या आसपास. म्हणजे तो डावीकडे आहेच, शिवाय चार अंश खालीही आहे. खालचा किरण वर जातो, त्यामुळे एलएनबी उजवीकडे जितका, जवळजवळ तितकाच वर पाहिजे. पट्टी तिरकी लावा, ४५ अंशांच्या आसपास.

जुनाट_रेडिओ:
६० अंश म्हणजे छत्री पार आकाशाकडे बघणार. त्यात पावसाचं पाणी साचतं. आमच्याकडे चिमण्या अंघोळ करायच्या.

तबकडी_दादा:
काका, ती तुमची मोठी जाळीची असेल. घरगुती छत्री ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला, त्यामुळे दिसायला वीस-बावीस अंश जास्त उभी दिसते. कोन दिसण्यावरून ठरवू नका, मीटरवरून ठरवा.

सोल्डरगन:
तिरकी पट्टी मान्य. पण दादा, ६० च्या छत्रीवर साडेपाच अंश म्हणजे दोन एलएनबींच्या मध्यांमधलं अंतर जेमतेम चार-साडेचार सेंमी. साध्या एलएनबीचं डोकंच पाच-सहा सेंमी रुंद. ते एकमेकांना टेकणार. ९० ची छत्री घ्या म्हणजे कटकट मिटली.

तबकडी_दादा:
प्रत्येक वेळी ९० ची छत्री कशाला? बारीक तोंडाचे एलएनबी मिळतात. तेही नकोत तर छत्री दोघांच्या मधे वळवा. दोघांचाही थोडा थोडा सिग्नल कमी होईल, उन्हाळ्यात चालून जाईल.

सोल्डरगन:
आणि जूनमध्ये? जोराची सर आली की केयू बँडचा, म्हणजे या छत्र्यांचा, सिग्नल आधीच गळतो. थोडा थोडा कमी करून ठेवलेला सगळ्यात आधी जाईल. साताऱ्याचा पाऊस पाहिलाय का?

तबकडी_दादा:
मी महाबळेश्वरला छत्र्या बसवल्यात, पाऊस मला शिकवू नका.
कृष्णाकाठ, छोटा टीव्ही आणि फ्री डिशचा बॉक्स गच्चीवर न्या. दुसऱ्या एलएनबीला छोट्या वायरने थेट जोडा, मधे काही नको. बॉक्समध्ये एलएनबी ९७५० / १०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. स्ट्रेंथकडे बघू नका, एलएनबी नुसता जिवंत असला तरी ती भरलेली दिसते. क्वालिटी हलली की तिथेच थांबा, मग एलएनबी हळूहळू गोल फिरवा. दोघांच्या फिरवण्याचा कोन सारखा नसतो. मधल्याला हात लावू नका.

मिरजमळा:
फ्री डिशचं रिचार्ज महिन्याला किती पडतं?

रानजाई:
शून्य. नावात फ्री आहे हो.

कृष्णाकाठ:
उजवीकडे आणि तिरकं करून घेतलं. क्वालिटी ५४ आली, सह्याद्री स्वच्छ दिसतंय. पण डीटूएचची ८० होती ती ७१ वर आली. पट्टीच्या वजनाने दांडा खाली वाकलाय असं वाटतं. दोन्ही डोकी एकमेकांना टेकलीतही. दुसरी वायर उद्या खिडकीतून आणतो.

सोल्डरगन:
टेकलीत. मी काय म्हणत होतो?

तबकडी_दादा:
७१ पुरे आहे. दांड्याला खालून एक आधाराची पट्टी द्या आणि बारीक तोंडाचा एलएनबी शोधा. सोल्डरगन, आता ९० ची छत्री सुचवू नका.

सोल्डरगन:
सुचवणारच.

मिरजमळा:
मग त्याच छत्रीवर ८३ चं टाटा प्ले पण बसेल का? माझ्याकडे तो बॉक्स आहे.

तबकडी_दादा:
तुमची छत्री केवढी, बॉक्स किती आणि मधे कुठला लावलाय? वेगळा धागा काढा.