शब्दचर्चा : राजीनामा देणारा राजी असतो का?

रेकॉर्डरूम :
वय 48, महसूल खात्यात अव्वल कारकून, नोकरी 2001 पासून. दोन महिने खणात एक पत्र पडून आहे. पहिलंच वाक्य, ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’, आणि तिथेच अडलोय. मागच्या आठवड्यात जुने फेरफार चाळत होतो. खातेदार जमीन सोडताना ‘राजीनामा’ लिहून देतो आणि नवा खातेदार ‘कबुलायत’. म्हणजे राजीनामा हा राजीखुशीने सोडल्याचा कागद. मी राजी आहे का? तर नाही. रागावलोय का? तेही नाही. नुसतं मन उडालंय. याला आपल्याकडे शब्द कोणता?

इंदुरी पोहे :
आमच्याकडे हा शब्द जपून वापरा बरं का. कोर्टात ‘राजीनामा हो गया’ म्हणजे तडजोड झाली. माझ्या पुण्याच्या दिराने फोनवर सांगितलं, ‘राजीनामा दिला.’ सासरे जन्मभर इंदूरच्या कोर्टात. त्यांनी पेढे आणले. त्यांना वाटलं, साहेबाशी भांडण मिटलं. नोकरी सोडली की आम्ही ‘इस्तीफा’ म्हणतो.

कानडी माहेर :
बेळगावात मात्र ‘राजीनामे’ म्हणजे नोकरीच सोडणं. तेलुगूतही तसंच. गुजरातीत ‘राजीनामुं’.

जुनी पाटी :
सोपं आहे. राजाला लिहून दिलेला नामा तो राजीनामा. राजाची चाकरी सोडताना लागायचा.

अर्धविराम :
राजाचा काही संबंध नाही हो. अरबी ‘राज़ी’ म्हणजे संतुष्ट, कबूल; ‘नामा’ फारसी. गंमत म्हणजे आपली ‘रजा’सुद्धा त्याच धातूतली, मूळ अर्थ मर्जी, संमती. ‘नाराज’ही त्याच घरातला. (आता कुणी ‘नाराजीनामा’ हा विनोद करू नये. वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात वापरून पार चोथा केलाय.)

देशी गाय :
मग हा अरबी-फारसी संसार हवाच कशाला? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच का? ‘त्यागपत्र’ लिहा. स्वच्छ शब्द.

रेकॉर्डरूम :
त्याग? मी सोडतोय काय, तर आवक-जावक रजिस्टर, सातबारा दुरुस्तीचे अर्ज आणि दर मार्चअखेरची वसुली. याला त्याग म्हटलं तर बायको हसेल.

अर्धविराम :
आणि ‘त्यागपत्र’ चालवायचं तर ‘नोकरी’ही टाका. तो शब्द मंगोलियनमधून फारसीत, तिथून आपल्याकडे. मूळ अर्थ सोबती, साथीदार. सोबत सोडायला त्यागपत्र!

देशी गाय :
सोबती? खानाच्या फौजेतले असतील. माझा आक्षेप कायम.

चिंचेचं झाड :
कागदाला हवा तो शब्द द्या, बोलताना आमच्या आजोबांसारखं बोला. ‘नोकरीवर पाणी सोडलं.’ दान देताना उदक सोडायचे, त्यातला हा वाक्प्रचार. हातातून गेलं ते गेलं, परत मागायचं नाही.

आस्थापना :
इथे व्युत्पत्ती चाललीय आणि माणूस खड्ड्यात पडतोय. रेकॉर्डरूम, तुम्ही महसुलातले, तुम्हाला हे सांगावं लागावं? निवृत्तिवेतन नियम 1982, नियम 46 वाचा. ‘राजीनामा’ लिहिलात की मागची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद. 20 वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी सेवा झालीय, नियम 66 खाली तीन महिन्यांची नोटीस द्या आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहा. नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले आहात, जुनी पेन्शन आहे. या एका शब्दाचे पैसे मोजून बघा.

रेकॉर्डरूम :
आस्थापना, नियम पाठ आहेत, तीन जणांची प्रकरणं मीच लिहिलीत. अडचण पैशाची नाही. ‘निवृत्त’ हा शब्दच गळ्याखाली उतरत नाही. निवृत्त माणूस सकाळी बागेत फिरतो आणि दूध आणतो. मला मोडी लिप्यंतराची कामं घ्यायची आहेत. जुने कागद घेऊन लोक दारात येतात, वाचणारा मिळत नाही. वाचता वाचता रात्रीचे दोन वाजतात आणि कळत नाही. सकाळी कचेरीत अकरा वाजेपर्यंतच जीव जातो.

इंदुरी पोहे :
पण भाऊ, मुलं शिकतायत ना अजून? घरी काय म्हणतात?

जुनी पाटी :
‘स्वेच्छा’वरून आठवलं. गिरणीतले लोक नुसतं ‘व्हीआरएस घेतली’ म्हणायचे. ‘घेतली’ म्हणायचे, ‘दिली’ नाही. राजीनामा मात्र ‘देतात’. का बरं?

अर्धविराम :
चांगला प्रश्न. रजा ‘घेतात’, ‘काढतात’, ‘टाकतात’ आणि साहेब ती ‘मंजूर करतो’. एकाच धातूची दोन भावंडं, एक घ्यायची, दुसरं द्यायचं.

देशी गाय :
‘मंजूर’ही अरबीच.

चिंचेचं झाड :
तुमच्या गोठ्यात ‘कागद’ चालतो का हो?

आस्थापना :
रेकॉर्डरूम, आधी असाधारण रजा टाकून बघा. बिनपगारी असते, पण सहा महिन्यांत कळेल, मोडीवर चूल पेटते की नाही.

रेकॉर्डरूम :
बघतो. पत्र परत खणात ठेवलंय. गुरुवारी एक दिवसाची किरकोळ रजा टाकलीय, साताऱ्याहून कागदांचं एक गाठोडं यायचंय.

अर्धविराम :
किरकोळ नव्हे. नैमित्तिक.

चिंचेचं झाड :
आमच्या कचेरीत किरकोळच म्हणतात.