मदत हवी आहे: एजीसीमुळे (सिग्नलनुसार रिसीव्हरचा गेन, म्हणजे वाढ, आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) बारीक सिग्नल बुडतो, काय करावं?

नमस्कार मंडळी,

सांगलीत गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी डायपोल (तारेचा अँटेना) बांधलाय, एकूण तार साधारण २० मीटर. रिसीव्हर जुना, तीन-चार हातांतून माझ्याकडे आलेला. दुसरा आयएफ (आत आलेला सिग्नल ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतात ती) ४५५ किलोहर्ट्झ आणि तिथे एकच फिल्टर, २.४ किलोहर्ट्झचा, एसएसबीसाठीचा, म्हणजे बोलणं ऐकण्यासाठीचा. सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, ऐकायला मी बाहेरून २५० हर्ट्झचा ऑडिओ फिल्टर जोडलाय, त्याचा मध्य ६०० हर्ट्झवर.

संध्याकाळी नागपूरच्या एका ज्येष्ठ मित्रांना, आमच्या काकांना, ऐकायला बसतो. मोर्स मला त्यांनीच शिकवलं, फोनवर तोंडाने डिट-डा म्हणून दाखवत. आता त्यांचं वय ७८, ट्रान्समीटर ५ वॅटचा, स्वतः जोडलेला. माझ्याकडे ते एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) एस-४ च्या आसपास येतात, बँड शांत असेल तर अक्षर न् अक्षर लागतं.

अडचण अशी. त्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या १ किलोहर्ट्झ वर एखादं दणदणीत स्टेशन सुरू झालं की काकांचा स्वर मधूनमधून खचतो. ते स्टेशन मला ऐकूच येत नाही, ऑडिओ फिल्टर त्याला कापतो. पण एस-मीटरची सुई एस-९ च्या पुढे २० डेसिबलवर उड्या मारते आणि तिच्या प्रत्येक उडीला काकांचा स्वर दबतो. न ऐकू येणाऱ्या कुणाच्या तरी कीच्या तालावर माझा रिसीव्हर बहिरा होतो. परवा त्यांनी तब्येतीबद्दल काहीतरी पाठवलं, त्यातला नेमका महत्त्वाचा शब्द गेला. फार वाईट वाटलं.

वळवाच्या दिवसांत दुसरा त्रास. एजीसी 'स्लो'वर असताना वीज कडाडली की पुढचे एक-दोन सेकंद सगळं गायब. 'फास्ट' केलं तर दोन अक्षरांच्या मधल्या जागेत खरखर उसळून वर येते, अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. एकदा एजीसी बंदच केला. काका एकदम स्पष्ट आले, पण तेवढ्यात दुसरं जोरदार स्टेशन नेमकं त्यांच्याच फ्रिक्वेन्सीवर आलं आणि हेडफोनमध्ये असा आवाज फुटला की रात्रभर कान वाजत होता.

आणखी एक. आरएफ गेन (अँटेनाकडून आलेल्या सिग्नलची वाढ) कमी केला की एस-मीटरची सुई खाली यायच्या ऐवजी वर चढते. हा बिघाड आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

सुई वर चढणं हा बिघाड नाही. बऱ्याच रिसीव्हरमध्ये आरएफ गेनचा नॉब एजीसीच्याच लाइनवर व्होल्टेज टाकतो आणि मीटर तेच व्होल्टेज दाखवतो. उलट त्याचा उपयोग करून घ्या. नॉब मागे घेत सुई एस-४ वर, म्हणजे तुमच्या काकांच्या पातळीवर आणून ठेवा. आता त्याखालच्या कशालाही एजीसी हात लावणार नाही, अक्षरांच्या मधली खरखर वर येणार नाही. मग 'फास्ट'सुद्धा सुखाने ऐकता येतं, आणि विजेनंतर रिसीव्हर लगेच सावरतो.

मुख्य रोग वेगळा आहे. तुमचा एजीसी आयएफमधून, २.४ किलोहर्ट्झच्या फिल्टरनंतर घेतलेला असणार. तिथे ते दांडगं स्टेशन अजून हजरच आहे. ऑडिओ फिल्टर त्याच्याही पुढे, एजीसीच्या फेऱ्याबाहेर. कान वाचतो, पण गेन त्या स्टेशनच्या हुकमावर चालतो. एका एस-युनिटला ६ डेसिबल धरले तर दोघांत ५० डेसिबलचं अंतर पडतं, म्हणजे व्होल्टेजमध्ये ३०० पटींहून जास्त.

बिनखर्चाचा उपाय आधी करून बघा. तुम्ही यूएसबीवर (डायलच्या वरची बाजू ऐकण्याची सेटिंग) ऐकत असाल तर काका ६०० हर्ट्झला आणि ते स्टेशन १६०० हर्ट्झला पडतं, दोघंही फिल्टरच्या आत. एलएसबीवर (खालची बाजू) जा आणि डायल साधारण १.२ किलोहर्ट्झ वर घ्या. काका पुन्हा ६०० वर येतील, पण ते स्टेशन बीएफओच्या (मोर्सचा स्वर ऐकू येण्यासाठी रिसीव्हरमध्येच असलेल्या ऑसिलेटरच्या) पलीकडे, फिल्टरबाहेर पडेल. सुईने उड्या मारणं थांबायला हवं. खालच्या बाजूला कुणी आलं तर परत यूएसबी.

एजीसी बंद करून ऐकायचं असेल तर ऑडिओ गेन वाढवून ठेवा आणि हात कायम आरएफ गेनवर, सुरुवात अगदी कमीपासून. पण त्याआधी हेडफोनच्या वाटेत एक रेझिस्टर आणि त्यापुढे हेडफोनला समांतर, एकमेकांच्या उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड घाला. आवाज ०.६ व्होल्टच्या आसपास कापला जातो. कानाशी खेळू नका, गेलेलं ऐकणं परत येत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार! काल संध्याकाळी एलएसबीचा प्रयोग केला. ते स्टेशन होतंच, पण सुई एस-४ वर शांत बसून होती आणि काकांचा स्वर सरळ रेषेत चालला होता. आरएफ गेनची युक्तीही जमली. अर्धा तास ऐकलं, दोनच अक्षरं गेली. डायोड आज बसवतो.

एक अडचण राहिलीच. दोन्ही बाजूंना स्टेशनं असली की एलएसबी-यूएसबीचा उपाय चालत नाही, तेव्हा एजीसीच्या आधीच अरुंद फिल्टर हवा. ४५५ किलोहर्ट्झचा, ५०० हर्ट्झ रुंदीचा जुना मेकॅनिकल फिल्टर कुणाकडे पडून असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. योग्य किंमत देईन, पुण्या-कोल्हापुरात असाल तर स्वतः येऊन घेऊन जाईन.