चाळिशीत वर्दी घालायची इच्छा

दादा, बेचाळीसाव्या वर्षी एमआयडीसीतली इंजिनिअरची नोकरी सोडून पोलिसात जायचं मनात आहे, असं तुम्ही लिहिलंत. आधी कडू ते सांगतो. शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २८, मागासवर्गीयांची ३३. एमपीएससीतून फौजदार व्हायचं तर ३१ आणि ३४. ती दारं आता बंद झालीत. म्हणून राजीनामा तेवढा टाकू नका, घरचे हप्ते थांबत नाहीत.

पण होमगार्डला, म्हणजे पोलिसांच्या मदतीला असलेल्या स्वयंसेवकांच्या वर्दीतल्या दलाला, ५० वर्षांपर्यंत घेतात. दहावी पास लागतं, १६०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. पगार नाही, काम केलं त्या दिवसांचा भत्ता मिळतो.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, एकोणचाळीसाव्या वर्षी होमगार्डमध्ये भरती झालो. पहिला बंदोबस्त गणपतीतला, रत्नागिरीजवळ मुंबई-गोवा महामार्गावरच्या हातखंब्याच्या तिठ्यावर. रात्रभर पाऊस, चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, बुटात पाणी. पहाटे एका एसटीतून एक म्हातारी उतरली, मांडीवर जपून आणलेला गणपती माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर रे बाबा, माझा पाय आखडलाय." ती लंगडत रस्ता ओलांडेपर्यंत मूर्ती धरून उभा होतो. इतकी वर्षं मशिनं चालवली, पण असं कोणाच्या उपयोगी पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर सागर सुरक्षा दलाचीही (किनाऱ्यावर पोलिसांना मदत करणारे गावकरी स्वयंसेवक) चौकशी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात करा. आणि धावायला आजच लागा. मी धावतो रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर, ओहोटीला, ओल्या वाळूवर. गुडघ्यांना ती बरी पडते.