मदत हवी आहे: ऑटोमॅटिक प्रेसवर तिसऱ्या फेरीनंतर रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) सुटतं

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. इतकी वर्षं टेबलावर हाताने टी-शर्टचं स्क्रीन प्रिंटिंग करायचो. यंदा आठ रंग, दहा पॅलेटचं (टी-शर्ट चढवायच्या फळ्यांचं) ऑटोमॅटिक मशीन सेकंडहँड घेतलं. सध्या परळच्या एका मंडळाचे ६०० टी-शर्ट अंगावर आहेत. मरून कापड, आधी पांढरा बेस, फ्लॅश (बेस सुकवणारा हीटर), मग पिवळा, लाल आणि शेवटी काळी आउटलाइन.

सकाळी रजिस्टर लावतो तेव्हा चपखल बसतं. तीस-चाळीस टी-शर्ट निघाले की काळा सरकायला लागतो, स्क्वीजीच्या (शाई ओढणाऱ्या रबरी पट्टीच्या) दिशेने, जवळजवळ १ मिलीमीटर. बेसला १ पॉइंटचा चोक दिलाय, म्हणजे तो कडेने आत घेतलाय, पण जेमतेम ०.३५ मिलीमीटर. तो कुठे पुरणार? बाप्पाच्या डोळ्यांची आखणी आहे, तिच्या खालून पांढरी कड डोकावते. मुकुटात किंवा शेल्यात एक वेळ खपलं असतं, डोळ्यांत नाही. असे चाळीस पीस बाजूला काढलेत. ते मंडळाच्या हातात द्यायला मन धजत नाही.

फ्रेमचे (जाळी ताणलेल्या चौकटींचे) लॉक पाहिले, कॉम्प्रेसरचा दाब पाहिला, दोन्ही ठीक. मायक्रोने (फ्रेम बारीक सरकवायच्या स्क्रूने) काळा ओढून घेतला की पाच-सात पीस बरे निघतात, पण ३ आणि ७ नंबरची पॅलेटं तेव्हाही जुळत नाहीत. त्यांच्यासाठी फिरवलं की बाकीची आठ जातात. काल संध्याकाळचे दोन तास यातच गेले. आज सकाळी पॅलेटवर कागद चिकटवून सगळे रंग मारले, तर ३ आणि ७ सोडून सगळीकडे बरोबर! मग दोष मशीनचा समजू की कापडाचा? मेकॅनिक चार दिवसांनी येणार, आणि तोवर थांबणं परवडणारं नाही.

प्रतिसाद

दादा, आधी मायक्रोवरचा हात काढा. तुमच्याकडे दोन बिघाड एकात एक मिसळलेत.

कागदावर आठ पॅलेटं जुळली, म्हणजे मशीन दर वेळी त्याच जागी थांबतंय. ३ आणि ७ कागदावरही चुकतात, तर ती पॅलेटं आर्मवर (पॅलेट धरणाऱ्या दांड्यावर) वाकडी बसली असणार. बोल्ट सैल करून ती बाकीच्यांशी जुळवा. हेडला (फ्रेम धरणाऱ्या भागाला) हात लावू नका.

राहिलं सरकणं. तुम्ही रजिस्टर थंड पॅलेटवर लावता आणि माल गरम पॅलेटवर छापता. पॅलेट तापलं की कापड आकसतं. टी-शर्ट न चढवता, फ्लॅश चालू ठेवून मशीन तीन-चार फेऱ्या फिरवा, मग रजिस्टर लावा. फ्लॅशही बेताचा हवा, बेस बोटाला लागायचा थांबला की बास.

आणि सगळं स्क्वीजीच्याच दिशेने जातंय म्हणता, तर काळ्याच्या जाळीचं टेन्शन मोजलंत का? जाळी सैल असली की ती कापडावरून लवकर सुटत नाही, मग कारागीर स्क्वीजीचा दाब वाढवत नेतो आणि चित्र ओढलं जातं.

धागाकर्ता

मनापासून आभार. शेजारच्या गाळ्यातून मीटर आणलं. बेसची जाळी २४ न्यूटन, काळ्याची १३! जुनी फ्रेम होती, घाईत तीच वापरली. कारागिराला विचारलं, तर दाब दुपारपर्यंत दोनदा वाढवला होता. आता नवीन ताणलेल्या फ्रेमवर काळा पुन्हा काढला, पॅलेटं तापवून रजिस्टर लावलं. सलग सत्तर पीस झाले, डोळे जागच्या जागी आहेत.

३ नंबर बोल्ट सोडून बसवल्यावर जुळला. ७ मात्र बोल्ट घट्ट केले तरी हाताने धरून हलवला की आर्मच्या मुळाशी टक-टक लागतो. बेअरिंग गेलंय असं वाटतं. सध्या तो रिकामाच फिरवतोय, नऊ पॅलेटांवर काम चालू आहे. असं बेअरिंग कुणी स्वतः बदललंय का? त्यासाठी पूर्ण आर्म उतरवावा लागतो का?