माळ्यावरचं खोकं पुन्हा उघडलं तेव्हा… (अनुभव धागा : मॉडेल गाड्या)

मंडळी, हा धागा प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्यांचा. लहानपणी एखादं तरी सुट्या भागांचं कीट चिकटवलंय, मग दहावी, नोकरी, लग्न यात ते सुटलं आणि आता पुन्हा हात शिवशिवतायत, अशा सगळ्यांनी इथे लिहा. देखण्या गाड्या येऊ द्यातच, पण फसलेल्या गाड्यांच्या गोष्टी आधी. सुरुवात मीच करतो.

१९८९ साली मस्कतच्या मामाने एक पोर्शे आणली होती, १:२४ ची. म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा, तळहाताहून जरा मोठी. सोबतची सिमेंटची, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाची, ट्यूब वाळून दगड झालेली. मी घरातला पांढरा गोंद लावून बॉडी जोडली, ती सकाळी सालपटासारखी सुटली. मग काचेला सुपरग्लू लावला. तासाभरात काच आतून पांढरी. "तुझ्या गाडीला मोतीबिंदू झालाय," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

२०२२ मध्ये पुन्हा सुरुवात केली, तामिया या जपानी कंपनीच्या १९६६ च्या बीटलपासून. चिकटवणं आता पाणी झालंय. पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा, ते फटीतून आपसूक धावतं आणि दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवून एक करतं. गोंद नव्हेच तो, वेल्डिंग म्हणा. पण रंग! ठाण्यात, जुलैत, बाल्कनीत उभा राहून मी लॅकरचा स्प्रे मारला. डोळ्यांदेखत निळी बीटल ताकात बुडवल्यासारखी झाली. लॅकरमधलं थिनर भरकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल रंगातच बसते. बॉडी डब्यात बंद करून ठेवली ती थेट ऑक्टोबर हीटमध्ये काढली. वरून बिनरंगी क्लिअर लॅकरचा एक ओला हात मारल्यावर पांढुरकेपणा बराचसा गेला. डाव्या दारावर अजून आहे. तिकडून फोटो काढत नाही.

तुमचं सांगा.

नाशिककर
दादा, तुम्ही नेमकं उलटं केलंत. बॉडीला सिमेंट आणि काचेला फेव्हिकॉल! वाळला की पारदर्शक होतो, जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो. सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, म्हणून तो मोतीबिंदू. मला हे कळायला तीन गाड्या लागल्या, त्यातली एक धाकट्या भावाची होती. तो अजून बोलून दाखवतो.

पेणची सून
आमच्याकडे हमरापूरजवळ गणपतींचा छोटा कारखाना आहे, सासऱ्यांपासूनचा. माहेरी दादाबरोबर दहाव्या वर्षी एक जीप जोडली होती. जोडली म्हणजे मी सुटे भाग धरायचे, चिकटवायचा तो. गेल्या वर्षी मुलासाठी छोट्या जिम्नीचं कीट आणलं, खटकन बसणारं, बिनरंगाचं, बिनगोंदाचं. मुलाने अर्ध्या तासात उडवलं आणि क्रिकेटला पळाला. मी मात्र अडकले. पुढचं कीट रंगवायचं आणलं, तेव्हा लक्षात आलं की हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ज्या एअरब्रशसाठी इतर लोक पैसे साठवतात तो आमच्या पडवीतच आहे.

कारखान्यातलं बरंच काही जसंच्या तसं कामाला आलं. पहिलं, फवारा अंगावर सुरू करायचा नाही आणि अंगावर थांबवायचा नाही. बाहेर सुरू, बाहेर बंद. नाहीतर जिथे थांबता तिथे ओघळ येतो. आमचे एक जुने कारागीर नव्या पोरांना सांगतात, "पाणी मारू नको, धुकं मार." दुसरं, लाल-पिवळ्याला खालून पांढरं अस्तर हवं. करड्या प्रायमरवर पिवळा मारला की गाडी आजारी दिसते.

पण खरी शिकवणी आखणीवाल्या काकांकडे झाली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे-भुवया काढणं. हंगामात त्यांच्याशी कुणी बोलतसुद्धा नाही. पुढच्या काचेभोवतीचा काळा रबर मला काही केल्या सरळ येत नव्हता. टेप लावली तरी रंग खालून झिरपायचा. काकांनी गाडी हातात घेतली, उलटीपालटी केली, म्हणाले, "टेप कशाला? करंगळी टेकव, मनगट हलवू नकोस, गाडी फिरव." आणि शून्य नंबरच्या ब्रशने एका दमात चारही बाजू काढून दिल्या. मग मला म्हणाले, "आता हिला दृष्टी आली."

दारांच्या खाचांमध्ये पातळ रंग सोडायचा, तोही त्यांनी बघून लगेच सुधारला. माझी गाडी पांढरी होती आणि मी काळा सोडला होता. पांढऱ्यावर काळी रेघ काढली तर ते चित्र दिसतं, करडी काढली तर सावली दिसते.

फक्त अनंत चतुर्दशीपर्यंत कंप्रेसरला हात लावायचा नाही, हा घरचा नियम आहे. तोवर मी चाकं घासते.

गॅरेजवाला, कोल्हापूर
ताई, काकांना नमस्कार सांगा आमचा.

मी तेवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय बघा. मला वाटलं छोटी गाडी म्हणजे चहाच्या वेळेत होईल. गॅरेजातला उरलेला एनसी, म्हणजे खऱ्या गाड्यांचा लॅकर रंग थेट प्लॅस्टिकवर मारला. गाडीचं छप्पर सुरकुतलं, दुधावरची सायच. आधी पातळ प्रायमर मारून तो वाळू द्यायचा, हे गिऱ्हाइकांना सांगणारा मी!

दुसऱ्या गाडीला मेटॅलिक सिल्व्हर मारला, खऱ्या गाडीचाच. तरी ती गाडी दिसेना, दिवाळीची चमकी दिसायला लागली. मग हिशेब केला. खऱ्या गाडीवर कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून १०० ते १२० मायक्रॉन भरतात. २४ ने भागा, चार-पाच मायक्रॉन आला. एवढा पातळ रंग मारणार कोण? चमकीचा कणसुद्धा त्याच हिशेबात चोवीसपट मोठा दिसणार. तेव्हापासून बारीक दाण्याचा मॉडेलचाच रंग आणतो. बाकी लांबी भरणं आणि २००० नंबरचा पाणीपेपर हे आपल्याच घरचं. मात्र कडांवर पेपर फिरवू नका ओ, कडेला रंग नसतोच जवळजवळ, एका घाशीत प्लॅस्टिक दिसतं.

गाडी काउंटरवर ठेवलीय. एकाने विचारलं, ही विकायची का. म्हटलं, तुमची स्विफ्ट बुधवारी मिळेल.

नागपूर
तुमच्याकडे ओल, आमच्याकडे कोरड. मे महिन्यात गच्चीवर स्प्रे मारला, तर रंग गाडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळला. बॉडीवर रांगोळी टाकल्यावानी खरखरीत. आता पहाटे साडेपाचला मारतो. शेजारच्यांना वाटते मी योगा करतो.

एक सूचना : तामियाचे टीएस आणि पीएस हे वेगवेगळे डबे आहेत बरं. टीएस आपल्या कीटच्या प्लॅस्टिकसाठी, पीएस रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक बॉडीसाठी. मी रंग पाहून घेतला, अक्षर नाही पाहिलं.

पुण्याहून
चाळिशीत छंद परत आला तो नाकावर चाळिशी घेऊनच. आता त्यावर आणखी एक भिंग.

मी फॉर्म्युला वनवाला. १९८८ ची मॅक्लारेन एमपी४/४, प्रोस्ट आणि सेना या ड्रायव्हरांनी सोळापैकी पंधरा शर्यती मारल्या ती. तामियाचं १:२० चं कीट. पांढऱ्या-केशरी-लालच्या त्या सीमारेषेवर माझा अख्खा मार्गशीर्ष गेला. शिवाय आताच्या डब्यात सिगारेटच्या जाहिरातीचे डीकॅल, म्हणजे गाडीवर चिकटवायचे छापील तुकडे, नसतात, ते वेगळे मागवावे लागतात. आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही आणि सिगारेटच्या नावासाठी कुरियरवाल्याची वाट बघत बसलो.

त्यात आरसा चिमट्यातून उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा. दोन दिवस मी पलंगाखाली बॅटरी घेऊन रांगत होतो. तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी केरातून उचलून विचारलं, "दादा, हे तुमचं का?" त्या दिवसापासून माझ्या टेबलाखालचा केर मला दाखवल्याशिवाय टाकत नाहीत.

किमतीबद्दल मात्र बोलायलाच हवं. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. प्रौढांची मॉडेल त्याच रकान्यात. म्हणजे मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस सरकारदरबारी खेळणी घेतोय. बायकोचं सरकारशी याच एका मुद्द्यावर एकमत आहे.

न्यू जर्सी
इकडे किमतीचं दुःख नाही, थंडीचं आहे. तळघरात हवा बाहेर काढणारा पंखा लावायला खिडकी नाही, आणि लॅकर बंद खोलीत मारू नये म्हणजे नाहीच. एकदा मारला, रात्रभर डोकं ठणकलं. त्यामुळे डिसेंबर ते मार्च मी फक्त इंजिनं आणि सीटा रंगवतो, ब्रशने, ॲक्रिलिकचे रंग.

आणि हो, अमेरिकन कीटं बहुतेक १:२५ ची. जपानी १:२४ शेजारी ठेवली की जो फरक दिसतो तो दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. मला झोपेतही दिसतो.

डोंबिवली
माझे बाबा टॅक्सी चालवायचे. पद्मिनी, काळीपिवळी. दादर स्टँडवर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्याच्या बऱ्याच आधी बाबांनी त्यांची विकली होती. ती बातमी त्यांनी टीव्हीवर बघितली आणि चॅनल बदलला.

शाळेत असताना मी मारुती, जीप असलं काहीबाही चिकटवायचे. पद्मिनीचं कीट मला कुठे मिळालं नाही. शेवटी ऑफिसातल्या एका मुलाने थ्रीडी प्रिंटरवर १:२४ ची बॉडी काढून दिली, सोळा सेंटीमीटरच्या आसपास. पण अंगभर थरांच्या बारीक रेघा. प्रायमर मारायचा, घासायचं, पुन्हा प्रायमर. मागचे ते टोकदार पंख घासताना एकाचं टोक बोथट झालं. बाबा म्हणाले, "राहू दे, आपल्याला माहीमला एकाने ठोकलं होतं, तसंच दिसतं."

आधी पूर्ण गाडी पांढरी, त्यावर पिवळा. मग छपरावर टेप लावून खालचा काळा. पेणच्या ताई म्हणतात ते अगदी खरं, पहिल्यांदा करड्यावर मारलेला पिवळा मी पुसून काढला होता.

मग मीटर. तो डाव्या बाजूला, बाहेर, बॉनेटच्या शेजारी असायचा. मी प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा कापून केला, शेंगदाण्याच्या चौथाईएवढा. त्यावरची पत्र्याची पाटी कशी बसवायची ते कळेना, म्हणून बाबांना विचारलं, उभी ठेवू की आडवी? ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.

"पाड मीटर," म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."