घरी सोडा तयार करणारे यंत्र घ्यावे का?

प्रश्न: आमच्याकडे साधा सोडा रोज लागतो आणि रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग पाहवत नाही, म्हणून हे यंत्र घ्यावे असे वाटते, परंतु नंतरचा खर्च नेमका कशावर होतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: खरा खर्च गॅसचा. सुमारे ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून ६० लिटरपर्यंत सोडा होतो असे उत्पादक सांगतात. मात्र ज्यांना जिभेला झोंबणारा सोडा आवडतो, त्यांचा गॅस बराच आधी संपतो. सिलिंडर जवळपास बदलून मिळत नसेल, तर माझ्या मते यंत्र घेऊच नये, कारण ते माळ्यावरच पडून राहील.

उत्तर २: सहमत. पाणी फ्रिजमधले घ्यावे, कारण थंड पाण्यात गॅस अधिक विरघळतो आणि वायाही कमी जातो. सरबत मात्र गॅस भरल्यानंतरच, तेही बाटली तिरकी धरून हळूहळू ओतावे. आधीच मिसळल्यास फेस नळीपर्यंत चढतो आणि सगळे ओट्यावर उतू जाते. बाटलीवर छापलेली वापराची मुदत कटाक्षाने पाळावी, कारण ती दर वेळी दाब सोसत असते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आधी सिलिंडरची चौकशी करतो.